गोष्टीतून विज्ञान : फॉगसाहेबांचा जादा दिवस आणि माझे आपटणारे ढग



मागच्या पावसाळ्यातला प्रसंग आहे. आमच्या गावातल्या बारावीच्या चार मुली संध्याकाळी आमच्या शाळेच्या वर्गात अभ्यासाला बसतात. घरी एकच खोली, टीव्ही, लहान भावंडं. शाळेत निदान शांतता आणि ट्यूबलाइट मिळते. चौघीही कला शाखेच्या, तालुक्याच्या कॉलेजात जातात. चौघीही कधीकाळी माझ्याच वर्गात होत्या, त्यामुळे किल्ली माझ्याकडे आणि हक्कही माझ्यावर.

त्या दिवशी त्यातली एक उशिरा आली, नखशिखांत भिजून. आईसोबत निंदणाला गेली होती. विजा सुरू झाल्या म्हणून सगळ्या बाया धुऱ्यावरच्या कडुनिंबाखाली उभ्या राहिल्या, पाऊस कमी झाल्यावर निघाल्या. मी म्हटलं, "अगं, विजा चमकत असताना झाडाखाली उभं राहायचं नसतं."

"काहून मॅडम? पायाळू तं कोणीच नव्हतं आमच्यात. अन् गडगडाट म्हणजे ढग एकमेकांवर आपटतात त्याचा आवाज. त्याले काय भ्यायचं?"

"ढग आपटतात हे कोणी सांगितलं तुला?"

ती हसली. "तुम्हीच तं सांगितलं होतं. पाचवीत. थेंबाच्या गोष्टीत."

मी गप्पच झाले. खरंच सांगितलं होतं. समुद्रातला एक थेंब, त्याला जग बघायची इच्छा होते, सूर्यबाप्पा त्याला वर ओढून घेतात, ढगात त्याला मित्र भेटतात, मग दोन ढगांचं भांडण होतं, ते एकमेकांवर आदळतात, गडगडाट होतो आणि आपला थेंब रडत रडत खाली येतो. जलचक्र शिकवायला मी ही गोष्ट स्वतः रचली होती. केंद्राच्या शिक्षण परिषदेत सादर केली, टाळ्याही मिळाल्या. सात वर्षांनी त्यातलं काय उरलं? बाष्पीभवन उरलं नाही, संघनन तर नाहीच. आपटणारे ढग तेवढे उरले. आणि त्यांच्या भरवशावर एक मुलगी विजा पडत असताना झाडाखाली उभी राहिली. (तिला विचारूनच हे लिहिते आहे. नाव लिहू नका म्हणाली, म्हणून लिहीत नाही.)

हिच्या मनात पुढे डी.एड. करायचं आहे. आता त्याला डी.एल.एड. म्हणतात. म्हणजे उद्या ही शिक्षिका झाली की माझे ढग हिच्या वर्गात जाऊन आपटणार. इथे आपल्यापैकी अनेकांनी मनाला विचारून बघावं. मी स्वतः बारावी कला शाखा, मग डी.एड. प्राथमिकला सगळेच विषय शिकवावे लागतात, त्यामुळे दहावीनंतर ज्या विज्ञानाला नमस्कार केला तेच पहिल्या दिवशी समोर येऊन उभं राहिलं. प्रयोग करायला हात धजावत नाही, मग आपण गोष्ट सांगतो. गोष्ट आपल्याला येते. त्यात गैर काही नाही, पण कोणती गोष्ट, हा विचार मी तरी पंधरा वर्षांत केला नव्हता.

आधी गडगडाटाचं खरं काय ते सांगून टाकते, कारण त्या संध्याकाळी मलाही ते पुस्तक काढूनच बघावं लागलं. ढगाच्या आत बर्फाचे बारीक कण आणि मऊ गारा वरखाली होत एकमेकांना घासतात, त्यातून विद्युत प्रभार वेगळे होतात. म्हणजे आपटतं ते ढगाच्या पोटातलं बर्फ, ढग नाही. प्रभार फार साठला की हवेतून ठिणगी जाते, तीच वीज. तिच्या वाटेतली हवा क्षणात साधारण ३०,००० अंश सेल्सिअसपर्यंत तापते, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट. इतक्या तापलेल्या हवेला फुगायला जागा लागते, ती स्फोटासारखी फुगते, आणि तो आवाज म्हणजे गडगडाट. वीज आणि गडगडाट ही एकाच वेळची घटना. प्रकाश लगेच पोचतो, आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर चालतो, म्हणून मागून येतो. चमकल्यापासून तीन सेकंद मोजले की एक किलोमीटर. आणि उंच झाड हे विजेला जमिनीवर यायला सोपी वाट देतं, खाली पायाळू उभा असो की नसो.

हे सगळं मी त्या चौघींना सांगितलं. त्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी विचारलं तर दोघींना अर्धवट आठवत होतं. थेंबाची गोष्ट मात्र चौघींना शब्दन्‌शब्द पाठ! आता तुम्हीच सांगा, रागवायचं कोणावर?

मग मी विचार केला, की गोष्टीत इतकी ताकद आहे तर ती सोडून कशाला द्यायची? फक्त माझ्या थेंबाच्या गोष्टीत विज्ञान कुठे होतं ते बघू. बघितलं तर कुठेच नव्हतं. थेंबाऐवजी परी घाला, सूर्याऐवजी राजा घाला, गोष्ट तशीच चालते. विज्ञान हे तिच्या अंगावरचं झबलं होतं, काढलं तरी बाळ तसंच. मला अशी गोष्ट हवी होती जिच्यातून विज्ञान काढलं तर गोष्टच पुढे जाणार नाही, गाठच सुटणार नाही.

अशी एक गोष्ट मी लहानपणी गावच्या वाचनालयात वाचली होती. ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाची, ऐंशी दिवसांत जगाला फेरी मारण्याची कादंबरी. १८७२ मध्ये ती वर्तमानपत्रात क्रमशः आली आणि पुढच्या वर्षी पुस्तक निघालं. मराठीत व्हर्न पोचला तो बराचसा भा. रा. भागवतांमुळे, फास्टर फेणेवाले भागवत. आजही अनेक शाळांच्या कपाटात व्हर्नचं एखादं तरी जीर्ण भाषांतर सापडेल, जरूर शोधा.

चार संध्याकाळी मी ही गोष्ट त्या चौघींना सांगितली. वाचून दाखवली नाही, सांगितली, जशी आजी सांगते तशी. लंडनचे फिलिआस फॉग. घड्याळाच्या काट्यासारखं आयुष्य. क्लबातल्या मित्रांशी वीस हजार पौंडांची पैज लावतात की ऐंशी दिवसांत जगप्रदक्षिणा करून येतो. २ ऑक्टोबर १८७२, बुधवार, रात्री पावणेनऊची गाडी. परत यायचं २१ डिसेंबरला, शनिवारी, रात्री पावणेनऊच्या आत. सोबत नोकर पासपार्तू. सुएझ, मुंबई, कलकत्ता, सिंगापूर, हाँगकाँग, योकोहामा, सॅन फ्रान्सिस्को, न्यूयॉर्क आणि परत लंडन. वर्गातल्या नकाशावर बोट फिरवत गेले. मुंबई आल्यावर मुलींचे डोळे चमकले. पासपार्तू मलबार हिलवरच्या देवळात बूट घालून शिरतो आणि मार खाता खाता वाचतो, तेव्हा खूप हसल्या.

मध्येच एक सांगते. व्हर्नचा भारत हा घरबसल्या लिहिलेला भारत आहे. अलाहाबादच्या अलीकडे रेल्वेचे रूळच संपतात आणि फॉगसाहेबांना हत्ती विकत घ्यावा लागतो, असं कादंबरीत आहे. प्रत्यक्षात मुंबई-कलकत्ता हा जबलपूरमार्गे लोहमार्ग १८७० सालीच पूर्ण झाला होता. हत्ती ठेवला, कारण हत्तीशिवाय गोष्टीत मजा नाही, पण खरं काय तेही तिथल्या तिथे सांगितलं. सतीचा प्रसंग थोडक्यात उरकला, १८२९ चा कायदा मात्र इतिहासवाल्या मुलीनेच सांगितला.

शेवटची संध्याकाळ. फॉगसाहेब धावत-पळत लंडनला पोचतात. स्टेशनातलं घड्याळ नऊला दहा कमी दाखवतंय. पाच मिनिटं उशीर. पैज हरले, सगळी संपत्ती गेली. दुसरा दिवस घरात खिन्न बसून काढतात. संध्याकाळी पासपार्तूला पाद्रीबाबांकडे पाठवतात, उद्या सोमवारी लग्न लावायचंय म्हणून, आणि तो धापा टाकत परत येतो. "साहेब, उद्या सोमवार नाही, रविवार आहे! आज शनिवार!" दहा मिनिटं उरलेली. फॉगसाहेब घोडागाडीतून धावतात आणि बरोबर पावणेनऊला क्लबाच्या दारात.

इथे मी थांबले. "एक दिवस कुठून आला?"

चौघी एकमेकींकडे बघायला लागल्या. दोघींचा भूगोल विषय आहे. एकीने घडाघडा म्हटलं, "१८० अंश रेखावृत्ताला अनुसरून आंतरराष्ट्रीय वाररेषा काढलेली आहे. ती ओलांडून पूर्वेकडे जाताना तोच वार धरतात, पश्चिमेकडे जाताना पुढचा वार धरतात." पूर्ण गुण. पण काहून तोच वार धरतात? शांतता. व्याख्या डोक्यात होती आणि फॉगसाहेब समोर होते, दोघांची गाठभेट काही होईना.

मी उत्तर सांगितलं नाही. सांगायला मला तरी कुठे नीट येत होतं! घरी जाऊन रात्री अकरापर्यंत आकडेमोड केली.

दुसऱ्या दिवशी एक फुटबॉल, विद्यार्थ्यांच्या सहलीसाठी घेतलेली बॅटरी आणि थोडी कणीक घेऊन गेले. फुटबॉलवर खडूने लंडन. कणकेच्या गोळीत काडी खोचून फॉगसाहेब, तेही लंडनला. बॅटरी म्हणजे सूर्य, ती बाकावर स्थिर. एका मुलीने फुटबॉल पश्चिमेकडून पूर्वेकडे सावकाश फिरवायचा. एक फेरी म्हणजे लंडनचा एक दिवस. ऐंशी फेऱ्या कोण मारणार, म्हणून आठच. प्रत्येक फेरीत फॉगसाहेबांना थोडं पूर्वेला सरकवायचं, आठव्या फेरीअखेर ते पुन्हा लंडनला आले पाहिजेत. एकीने मोजायचं, बॅटरीसमोरून लंडन किती वेळा गेलं. दुसरीने मोजायचं, फॉगसाहेब किती वेळा गेले.

पहिल्यांदा दोघींचं उत्तर आठ आलं. मी घाबरले. दुसऱ्यांदा आठ आणि दहा. कणीक फुटबॉलवरून दोनदा पडली. तिसऱ्यांदा फिरवणाऱ्या मुलीने घाई केली नाही, प्रत्येक वेळी फॉगसाहेबांना मोजून सरकवलं, आणि आकडे आले : लंडन आठ, फॉगसाहेब नऊ.

"मॅडम, थे सूर्याकडे एकदा जास्त गेले!"

जास्त गेले म्हणजे काय, तर पृथ्वी ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने तेही चालत होते. पृथ्वीने फेऱ्या मारल्याच, वर स्वतःची एक फेरी त्यांनी पायाने, म्हणजे आगगाडीने, मारली. म्हणून त्यांनी एक सूर्योदय जास्त पाहिला. त्यांच्या मोजणीने ऐंशी दिवस झाले, लंडनमध्ये एकोणऐंशीच.

आता पाटीवर गणित. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटं. फॉगसाहेब ८० दिवसांत ३६० अंश पूर्वेला गेले, म्हणजे त्यांच्या रोजच्या दिवसात साडेचार अंश. साडेचार गुणिले चार, १८ मिनिटं. त्यांचा प्रत्येक दिवस १८ मिनिटांनी लहान. आणि १८ गुणिले ८०? एकीने बोटांवर, एकीने मोबाइलवर केलं. १४४० मिनिटं. "मॅडम, चोवीस तास!" मी सात-आठ वर्षं हे आकडे फळ्यावर लिहीत आले आहे, पण हा गुणाकार असा बरोबर येतो हे मलाही त्या आदल्या रात्रीच कळलं होतं. त्यांच्याइतकाच आनंद मला झाला, लपवत नाही.

मग प्रश्न सुरू झाले, आणि खरा तास तिथून पुढे झाला. पासपार्तूकडे लंडनच्या वेळेचं घड्याळ होतं, त्याने ते बदललंच नाही, मग त्याला कसं कळलं नाही? कारण घड्याळ बाराच तास दाखवतं. योकोहामापलीकडे अर्धी पृथ्वी ओलांडल्यावर त्याचं घड्याळ आणि जहाजाचं घड्याळ जुळतं, तो खूश होतो. पण एकाचे सकाळचे नऊ आणि दुसऱ्याचे रात्रीचे नऊ. तबकडी चोवीस तासांची असती तर तिथेच उलगडा झाला असता, हे व्हर्नने स्वतःच लिहून ठेवलं आहे. आणि अमेरिकेत वर्तमानपत्रावरची तारीख कोणीच वाचली नाही का? हा प्रश्न त्या भिजलेल्या मुलीचा. याला उत्तर नाही. व्हर्नने तिकडे कानाडोळा केला आहे. मी तिला सांगितलं की तू लेखकाला पकडलंस.

"पण मॅडम, खरं असं होते का? का नुसती गोष्टच?" हाही प्रश्न आला. झालेलं आहे. मॅगेलनच्या मोहिमेतलं 'व्हिक्टोरिया' जहाज पश्चिमेकडे जात जात पृथ्वीप्रदक्षिणा करून १५२२ मध्ये परत आलं. मॅगेलन आधीच फिलिपिन्समध्ये मारला गेला होता. वाटेत केप व्हर्द बेटांवर खलाशी उतरले तर तिथले लोक म्हणाले, आज गुरुवार. जहाजावर बुधवार. पिगाफेट्टा नावाचा त्यांचा सोबती रोजनिशी लिहीत होता, त्याची एकही तारीख सुटलेली नव्हती, तरी एक दिवस हरवला. पश्चिमेकडे गेले म्हणून हरवला, पूर्वेला गेले असते तर सापडला असता. आणि व्हर्नच्या वेळी ही वाररेषा अजून ठरायचीच होती. ग्रिनिच हे मूळ रेखावृत्त धरायचं हे वॉशिंग्टनच्या परिषदेत ठरलं १८८४ मध्ये, म्हणजे फॉगसाहेब परतल्यावर बारा वर्षांनी.

या गोष्टीचं सगळ्यात चांगलं फळ मात्र मी ठरवलेलं नव्हतंच. आमचा जिल्हा यवतमाळ. इथली पुष्कळ पोरं सुरतेला कापडाच्या कारखान्यांत कामाला आहेत. त्यातल्या एकीचा भाऊही तिकडेच. ती म्हणाली, "मग आमच्या दादाकडे सूर्य उशिरा येत असन." नकाशा काढला. यवतमाळ सुमारे ७८.१ पूर्व, सुरत सुमारे ७२.८. फरक ५.३ अंश, गुणिले ४, म्हणजे २१ मिनिटं. दोन्ही गावं अक्षवृत्तानेही जवळपास सारखीच, त्यामुळे ऋतूचा फरक मध्ये येत नाही. नोव्हेंबरातल्या एका सकाळी तिने टेकाडावर उभं राहून भावाला फोन लावला. तो रात्रपाळी संपवून खोलीच्या गच्चीवर. "काय वं, उजाडलं तं हाय, पण सूर्य नाई दिसून रायला." हिच्याकडे ६ वाजून २९ मिनिटांनी कडा दिसली, त्याच्याकडे ६ वाजून ५३ मिनिटांनी. चोवीस मिनिटं. गणित म्हणतं एकवीस.

माझ्यातली जुनी शिक्षिका म्हणाली असती, बरोबर आलं, लिहा एकवीस. या वेळी म्हटलं, तीन मिनिटं कुठे गेली? बराच वाद झाला. शेवटी दादालाच विचारलं. त्याच्या पूर्वेला चार मजली इमारत आहे. सूर्य क्षितिजावर आला तरी इमारतीच्या डोक्यावर यायला त्याला वेळ लागणारच. सूर्य चार मिनिटांत एक अंश सरकतो हे तर आत्ताच शिकलो होतो!

सहावी-सातवीला मी हीच कादंबरी सांगितली नाही, ती लांब पडते. त्यांना व्हर्नचीच चंद्राची गोष्ट सांगितली. १८६५ ची कादंबरी आणि १८७० चा तिचा पुढचा भाग. फ्लोरिडात नऊशे फूट लांबीची तोफ, तिच्या गोळ्यात बसून तीन माणसं चंद्राकडे निघतात. १९६९ मध्ये अपोलो ११ सुद्धा फ्लोरिडातूनच, तिघांनाच घेऊन निघालं, हा योगायोग मुलांना फार आवडतो. गोष्टीत सोबत कुत्रे असतात. त्यातला एक मरतो, त्याला खिडकीतून बाहेर टाकतात, तर तो मागे पडतच नाही, गोळ्यासोबतच चालत राहतो. मुलांना हे खोटं वाटलं, पण व्हर्नचं इथे बरोबर आहे. तो गोळ्याइतक्याच वेगाने निघालेला आहे आणि तिथे अडवायला हवा नाही.

सातवीतला एक मुलगा, एरवी मागच्या बाकावर फुटपट्टीने खटपट करणारा, म्हणाला, "मॅडम, मग कुत्रा बाहेर तरंगते अन् आतली माणसं काहून पायावर उभी हायेत?" व्हर्नने लिहिलंय की पृथ्वीची आणि चंद्राची ओढ सारखी होते त्या एका जागीच माणसं तरंगतात. ते चूक आहे. तोफेतून सुटल्यावर गोळा आणि आतली माणसं दोन्ही एकाच चालीने, एकाच ओढीखाली जात आहेत. कुत्र्याला जो न्याय तोच माणसांना. ती निघाल्यापासून तरंगायला हवी होती. (तोफेच्या धक्क्याने ती जिवंतच राहिली नसती, हा मुद्दा दुसऱ्या मुलीने काढला.) दीडशे वर्षांपूर्वीच्या इतक्या मोठ्या लेखकाची चूक यवतमाळ जिल्ह्यातल्या सातवीच्या पोराने लेखकाच्याच कुत्र्यावरून पकडली. त्या दिवसापासून आमच्याकडे गोष्ट झाली की 'चुका पकडण्याचा तास' असतो. माझ्या जुन्या गोष्टींनाही त्यातून सूट नाही.

चूक असलेली गोष्ट म्हणून मी आता टाळत नाही. न तपासलेली गोष्ट टाळते. माझ्या थेंबाच्या गोष्टीतही चूक हा मोठा गुन्हा नव्हता. तिच्यावर कोणी प्रश्न विचारायची जागाच मी ठेवली नव्हती. सूर्यबाप्पाला कोण उलट विचारणार?

मराठीत अर्थातच डॉ. जयंत नारळीकर आहेत. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली आणि पहिलं बक्षीस मिळवलं. ज. वि. ना. उलटं वाचा म्हणजे नाव कुठून आलं ते कळेल. त्यांची 'उजव्या सोंडेचा गणपती' ही कथा मी बारावीच्या मुलींसोबत वाचली. डाव्याचं उजवं होणं, हीच त्या कथेची गाठ. ती समजायला वहीच्या पारदर्शक कव्हरची लांब पट्टी कापली, एक पीळ देऊन टोकं चिकटवली, म्हणजे मोबियसची पट्टी. तिच्यावर पेनाने डाव्या हाताचा पंजा काढला आणि शेजारी शेजारी तोच पंजा गिरवत गेलो. एक फेरी होऊन पहिल्या पंजावर आलो तर तो उजवा झालेला. पट्टी मधोमध कापली तर दोन तुकडे होण्याऐवजी एकच मोठं कडं हातात आलं, तेव्हा आरडाओरड झाली. पण पट्टीवरून खऱ्या माणसापर्यंत उडी कशी मारायची ते मला समजावता आलं नाही, आणि मी तसं सांगितलं. सगळं जमलं असं नाही लिहिणार.

पालकांबद्दलही लिहायला हवं. एका मुलीचे वडील शाळेत आले होते. आवाज चढलेला नव्हता, पण काळजी होती. "मॅडम, बारावीचं वर्ष हाय. परीक्षेत फॉगसाहेब येते काय?" मी म्हटलं, "भाऊ, नाही येत. रेखावृत्त येतं." त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. वाररेषेची व्याख्या दहा मिनिटांत पाठ होते, मी सहा संध्याकाळी घेतल्या. प्रत्येक पाठाला असं करता येणार नाही, वेळापत्रक फाटेल. मी वर्षाला दोन किंवा तीन गोष्टी धरते, आणि तेही जिथे व्याख्या पाठ असूनही 'काहून' विचारलं की शांतता पसरते अशाच जागी. बाकीच्या ठिकाणी सरळ पाणी उकळावं, भिंग धरावं, बी रुजवावं. जे हाताने करून बघता येतं त्याला गोष्टीची गरज नाही. पृथ्वीच्या बाहेर जाऊन तिला फिरताना बघता येत नाही, म्हणून तिथे फॉगसाहेब लागतात.

भाऊंना मी मुलीलाच विचारायला सांगितलं. तिने अंगणात वडिलांना उभं केलं, कंदिलाभोवती लिंबू फिरवलं आणि दादाचा सूर्य उशिरा का येतो ते सांगितलं. ते मला नंतर फोनवर म्हणाले, "माह्या डोक्यात नाई गेलं पूर्ण, पण पोरगी बोलली बुवा." आणि हसले. कंदिलाभोवती लिंबू फिरवलं हे खरं म्हणजे चूकच होतं, लिंबू जागच्या जागी फिरवायला हवं होतं. चुका पकडण्याच्या तासाला ते निघालं.

आणि गडगडाट. यंदा जूनमध्ये विजा सुरू झाल्या तेव्हा चौघी वर्गातच होत्या. खिडकीजवळून दूर बसलो. चमकलं की मोजायचं. नऊ सेकंद, तीन किलोमीटर. मग सहा. मग पुन्हा अकरा, म्हणजे दूर जातंय. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर आडोशाला जायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही, हे आता त्यांना पाठ आहे, आणि का ते माहीत आहे. शेतात मात्र अडचण वेगळीच आहे. तिने आईच्या टोळीला सांगितलं की मोजून घरी निघायचं, पक्क्या छपराखाली. बायांनी मोजलंही. पण अर्धा दिवस सोडून आलं की मजुरी कापली जाते. त्यामुळे दोघी-तिघी घरी आल्या, बाकीच्या कडुनिंब सोडून सखल जागी पाय जुळवून उकिडव्या बसल्या. त्यानेही धोका टळत नाही, हे त्यांना आणि आम्हाला दोघांनाही माहीत होतं. आता शेतमालकांशी बोलायला मी आणि सरपंचताई जाणार आहोत.

तिने थेंबाची गोष्ट पुन्हा लिहायला घेतली आहे, माझ्या पाचवीसाठी. थेंबाला इच्छा नाही, सूर्य बाप्पा नाही. ढगाच्या पोटातला एक बर्फाचा कण आहे आणि त्याला खाली यायचं तर वितळावं लागणार आहे. मागच्या शनिवारी तिने अर्धी गोष्ट वर्गात सांगून बघितली. पहिल्याच मिनिटाला एका पोराने हात वर केला. "ताई, बर्फ वर तरंगते कसा? जड नाई काय?" तिने माझ्याकडे पाहिलं. मी कपाटातून पुस्तक काढायला उठले.